नयोनची पौर्णिमा

ती बाई उंबरठ्याबाहेरच गुडघे टेकून बसली, हात जोडले आणि तीन वेळा तिने फरशीला कपाळ लावले, तेव्हा मी संकोचाने दोन पावले मागे सरलो.

"अहो, हे काय? आत या. उठा आधी."

तिच्या मागे उभे असलेले थेनकाका हसले. "पंडितजी, राहू द्या. भिक्षूंचा पावसाळी वर्षावास संपला की वडीलधाऱ्यांना आणि गुरूंना असेच वंदन करायचे, ही आमची रीत. आज आश्विनातली पौर्णिमा ना? तुम्ही तिच्यासाठी कागद लिहून दिलात. म्हणजे तुम्ही गुरूच."

या गोष्टीला आता चौदा वर्षे झाली. मी तेव्हा सत्तरीला टेकलो होतो. वाईला चाळीस वर्षे ज्योतिष आणि संस्कृत शिकवून, पत्नीच्या निधनानंतर दिल्लीला मुलीकडे राहायला आलो होतो. माझी मुलगी सुमेधा वकील आहे. ज्यांना स्वतःचा देश जगू देत नाही आणि दुसरा देश ओळखत नाही, अशा माणसांचे अर्ज ती चालवते. थेनकाका तिचे दुभाषे. ब्रह्मदेश सोडून त्यांना वीस वर्षे झाली होती, आणि त्यांची हिंदी आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याइतकी अस्सल होती. ती बाई म्हणजे दॉ खिन न्यो. 'दॉ' हे तिकडे प्रौढ स्त्रीच्या नावाआधी मानाने लावतात. वय सत्तावन्न, अंगाने किरकोळ, हाताची बोटे मात्र लांब आणि बळकट. आराकानातल्या एका नदीकाठच्या गावची ती सुईण होती. सैन्याने ते गाव जाळले. पळालेल्या माणसांच्या एका घोळक्याबरोबर ती रानातून चालत मिझोरामच्या सीमेवर पोहोचली आणि तिथून दिल्लीला आली.

तिला मी त्या दिवशी प्रथमच पाहत होतो. तिच्यासाठी लिहिलेला कागद मात्र चार महिन्यांपूर्वीचा होता. सुमेधेने तेव्हा एक तिथी विचारली होती. "बाबा, त्यांच्या नयोन महिन्याची पौर्णिमा म्हणजे गेल्या वर्षीची कुठली तारीख? त्या रात्री गाव जळाले, असे खिनमावशी सांगतात. निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय कचेरीला जाणत्या माणसाचा दाखला हवा आहे."

मी पंचांग उघडले आणि घटकाभरात दाखला लिहून दिला. नयोन म्हणजे आपला ज्येष्ठ. त्या वर्षी आपल्याकडे ज्येष्ठ अधिक आला होता, म्हणजे ज्येष्ठ दोन. त्यांतला खरा ज्येष्ठ दुसरा, निज ज्येष्ठ. त्याची पौर्णिमा तीस जूनला. शेवटी मी आवर्जून लिहिले होते, 'निःसंशय'. खाली सही, पदव्या, वाईचा पत्ता.

सुमेधेने चहा आणि चिवडा आणून ठेवला. खिनबाई खुर्चीवर बसायला तयार होईनात. अखेर थेनकाकांनी काहीतरी दटावल्यासारखे म्हटले आणि त्या खुर्चीच्या कडेशी टेकल्या.

"काय म्हणालात त्यांना?" मी विचारले.

"म्हटले, पंडितजींची मान दुखते, खाली बघून बोलता येत नाही."

खिनबाई माझ्या मानेकडे काळजीने पाहू लागल्या. आता ती दुखती ठेवणे मला भागच होते.

काही बोलावे म्हणून मी विचारले, "तुमच्याकडे वर्षावास केव्हा बसतो? आमचा चातुर्मास आषाढात सुरू होतो."

"वासोच्या पौर्णिमेला," थेनकाकांनी उत्तर पोहोचवले. "वासो म्हणजे तुमचा आषाढच. पण दॉ खिन म्हणतात, ज्या वर्षी त्या रानात होत्या, त्या वर्षी भिक्षू महिनाभर उशिरा वर्षावासाला बसले असतील. त्या वर्षी वासो दोनदा आला होता."

"दोनदा आला तो ज्येष्ठ," मी सहज दुरुस्ती केली. "नयोन. अधिक ज्येष्ठ होता त्या वर्षी."

थेनकाकांनी भाषांतर केले. खिनबाईंनी माझ्याकडे पाहिले, मग थेनकाकांकडे, आणि पदराआड हसावे तसे हाताआड हसल्या.

"त्या म्हणतात, नयोन कसा दोनदा येईल? महिना जास्तीचा येतो तो वासोच. त्यांच्या आईच्या वेळीही वासोच, आजीच्या वेळीही वासोच. दुसरा कुठला महिना कधी दोनदा आल्याचे त्यांनी ऐकलेले नाही. मीही ऐकलेले नाही, पंडितजी."

मी बशी खाली ठेवली.

आपला अधिक मास फिरता असतो. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही तो अधिक. कधी वैशाख, कधी श्रावण, कधी भाद्रपद. लहानपणापासून मी हे इतके घोकले होते की सूर्यचंद्रांचा तोच एक संसार असे मी धरून चाललो होतो. त्याच सूर्याचा आणि त्याच चंद्राचा मेळ दुसऱ्या कोणी निराळ्या, ठरावीक जागी घातला असेल, ही शंका माझ्या 'निःसंशय' विद्वत्तेला शिवलीही नव्हती.

मी त्यांना आपली रीत समजावली. खिनबाई लक्षपूर्वक ऐकत होत्या.

"म्हणजे तुमचा जास्तीचा महिना घरोघर हिंडतो?" त्यांनी विचारले. "बिचाऱ्याला स्वतःचे घर नाही?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे अशी श्रद्धा आहे की त्याला कोणी देवता स्वामी म्हणून लाभेना. मळका महिना म्हणून सारे त्याला हिणवत. तो रडत वैकुंठाला गेला, तेव्हा भगवंताने त्याला आपले स्वतःचे नाव दिले. म्हणून तो पुरुषोत्तम मास."

थेनकाका भाषांतर करता करता मध्येच थांबले. खिनबाईंनी एक वाक्य हळू उच्चारले.

"त्या म्हणतात, देवाने त्याच्याकडे तारखा मागितल्या नाहीत वाटते."

सुमेधा उठून खिडकीशी गेली. तिच्या पाठीकडे पाहून मला काहीतरी कळले.

"सुमे, निकाल लागला का यांचा?"

"बाबा, नंतर बोलू."

"निकाल आण."

ती आतून एक लिफाफा घेऊन आली. दहा दिवसांपूर्वीचा होता. अर्ज नामंजूर. कारणे दोन. पहिले असे की दोन स्वतंत्र अहवालांनुसार ते गाव एकतीस मे रोजी जाळण्यात आले; अर्जदाराने सांगितलेली तिथी तज्ज्ञांच्या दाखल्याप्रमाणे तीस जूनची ठरते; सबब घटनेच्या वेळी अर्जदार गावात होती, हे विश्वसनीय वाटत नाही. दुसरे असे की अर्जदार रानात एकोणनव्वद दिवस काढल्याचे सांगते. ती सीमेवरच्या धर्मादाय दवाखान्यात अठ्ठावीस ऑगस्टला पोहोचली, हे तिथल्या नोंदीवरून निश्चित आहे. तीस जूनपासून ते दिवस एकोणसाठच भरतात. सबब कथन अतिरंजित आहे. मध्यभागी अवतरणचिन्हांत माझा शब्द उद्धृत केला होता. निःसंशय.

मी मनाशी मोजले. त्यांचा जास्तीचा महिना नयोनच्या नंतर येतो, म्हणून त्यांचा नयोन म्हणजे त्या वर्षीचा आमचा अधिक ज्येष्ठ. त्याची पौर्णिमा एकतीस मेला. तिथपासून अठ्ठावीस ऑगस्टपर्यंत दिवस एकोणनव्वद. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

"हे एकोणनव्वद दिवस त्यांनी केव्हा सांगितले होते?"

"पहिल्याच मुलाखतीत," सुमेधा म्हणाली. "तुमच्या दाखल्याच्या आधी. तुम्हाला पाठवलेल्या कागदात होते ते."

होते. मला आठवले. तो आकडा मी वाचला होता, आणि अशिक्षित बाईचा अदमास म्हणून सोडून दिला होता.

"माझ्यापासून का लपवलेस?"

"तुम्हाला वाईट वाटले असते."

"वाईट वाटण्याचा अधिकार यांचा आहे, सुमे. माझा नाही. आता पुढे काय होते?"

ती वकिलाच्या आवाजात बोलू लागली. तो आवाज तिने मनावर दगड ठेवून काढला होता. "जिथे जिवाला भय आहे तिथे कोणालाही परत लोटू नये, हा या साऱ्या कायद्याचा कणा आहे. पण आपल्या देशाने निर्वासितांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही. त्यामुळे या कचेरीचे पत्र हेच एक छत्र. ते नसेल तर खिनमावशी केवळ विनापरवाना आलेल्या परदेशी बाई ठरतात. कुठल्याही दिवशी पकडून सीमेपलीकडे सोडतील. पलीकडच्या सैन्याच्या यादीत त्यांचे नाव आहे, त्याच्याशी लढणाऱ्या जखमी पोरांना टाके घातले म्हणून. अपिलाला वीस दिवस उरलेत. त्यांच्या गावची आणखी तेवीस माणसे रांगेत आहेत. त्यांचीही तिथी हीच."

मी थेनकाकांना म्हणालो, "त्यांना सांगा, खोटे त्यांनी सांगितले नव्हते. चूक माझी होती. त्यांचा अर्ज माझ्या कागदाने बुडाला."

थेनकाका घुटमळले. "पंडितजी, असे कसे सांगू? त्यांनी तुम्हाला आत्ताच वंदन केले."

"म्हणूनच सांगा."

त्यांनी सांगितले. खिनबाईंचा चेहरा क्षणभर दगडासारखा झाला. मग त्या खुर्चीवरून पुढे झुकल्या आणि सरळ माझ्याशीच बोलल्या. भाषा कळत नसूनही मला त्यातली घाई कळली.

"त्या म्हणतात," थेनकाका म्हणाले, "मूल अडलेले असताना चूक कोणाची यावर सुईण बोलत बसत नाही. आता काय करायचे ते सांगा."

*

अपिलाची सुनावणी कार्तिकात झाली. सुमेधेला धाकधूक होती. "एकाच तज्ज्ञाची दोन मते, बाबा. अपील ऐकणाऱ्या अधिकारी बाई विचारतील, कुठल्यावर विश्वास ठेवू? तुमची फजिती होईल."

"झालीच पाहिजे," मी म्हणालो. "फक्त ती उपयोगी पडावी."

थेनकाकांनी एका ब्रह्मी विहारातल्या वृद्ध भिक्षूंकडून त्या वर्षीची छापील दिनदर्शिका मिळवली होती. तिच्यात पहिला वासो आणि दुसरा वासो असे दोन महिने एकापाठोपाठ होते.

अपील ऐकणाऱ्या अधिकारी श्रीमती हालवर्सन कुठल्याशा उत्तरेकडच्या देशातल्या होत्या. उंच, पिकल्या केसांच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. त्या इंग्रजीत बोलत. त्यांनी माझे दोन्ही दाखले शेजारी शेजारी ठेवले.

"प्राध्यापक महाशय, पहिल्यात तुम्ही लिहिलेत, निःसंशय तीस जून. दुसऱ्यात लिहिता, एकतीस मे. यात मात्र निःसंशय नाही."

"नाही, बाईसाहेब. तो शब्द लिहिण्याची योग्यता माझ्यात नाही, हे मधल्या काळात कळले."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "मग मी दुसरा का मानावा?"

"माझ्या म्हणण्यावरून मानू नका. पौर्णिमा दोन्ही देशांत एकाच रात्री होते. आकाश एकच आहे. त्या पौर्णिमेला नाव काय द्यायचे, इतकाच फरक. मी माझ्या घरचे नाव या बाईंच्या पौर्णिमेला दिले. त्यांना त्यांचे नाव विचारले नाही. विचारले असते, तर आज आपण सारे इथे नसतो."

"दिनदर्शिका खरी आहे, हे मी मान्य करते," त्या सावकाश म्हणाल्या. "पण दिनदर्शिका कोणालाही मिळते. नामंजुरीनंतर कोणीही हिशेब जुळवून आणू शकतो. अर्जदार बाई त्या रात्री तिथे होत्या, याला आधार कोणता?"

सुमेधा उठू लागली. श्रीमती हालवर्सन यांनी हात वर केला आणि खिनबाईंकडे वळल्या.

"तुम्ही रानात एक बाळंतपण केल्याचे पहिल्या मुलाखतीत म्हटले आहे. त्याबद्दल तुम्हाला कोणी पुढे विचारलेले दिसत नाही. ते मूल कितव्या दिवशी झाले?"

ही तयारी आम्ही केलेली नव्हती. खिनबाई मात्र, नाव विचारल्यावर सांगावे इतक्या सहज बोलल्या.

"सत्तरावा दिवस," थेनकाका भाषांतर करू लागले. "दुसऱ्या वासोचा कृष्ण पक्ष, एकादशी. पहाटे. मुलगी. आई पहिलटकरीण होती, गाव सोडले तेव्हा सातवा महिना संपत आला होता. दॉ खिन म्हणतात, त्या रोज दिवस मोजत होत्या ते स्वतःसाठी नाही. त्या पोरीसाठी. नदी ओलांडायची ती बाळंतपणाआधी की नंतर, हे ठरवायचे होते. बाकीचे त्यांना विचारत, किती दिवस झाले? त्या सांगत, मला विचारू नका, तिच्या पोटाला विचारा."

श्रीमती हालवर्सन यांच्या ओठांची कड हलली, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी फाइल जवळ ओढली आणि पाने उलटू लागल्या. एका पानाशी त्या थांबल्या. दवाखान्याच्या नोंदवहीची ती छायाप्रत होती. ती फाइलमध्ये पहिल्यापासून होती, पण खिनबाईंच्या नावाची ओळ तेवढी सर्वांनी वाचली होती. खालची ओळ त्या बाळंतिणीची होती.

"अठ्ठावीस ऑगस्ट," त्यांनी मोठ्याने वाचले. "माता, वय बावीस, अशक्त. बालिका, प्रकृती समाधानकारक. वय, एकोणीस दिवस."

त्यांनी पेन्सिल घेतली. मीही मनाशी मोजत होतो, सुमेधाही मोजत होती. सत्तर आणि एकोणीस. एकोणनव्वद. एकोणसाठ दिवसांच्या प्रवासात सत्तरावा दिवस कुठून येणार? आणि ती नोंद सीमेवरच्या एका परिचारिकेने केलेली. तिने ना पंचांग पाहिले होते, ना माझा दाखला.

"प्राध्यापक महाशय," श्रीमती हालवर्सन म्हणाल्या, "दुसऱ्या वासोची कृष्ण एकादशी. तारीख?"

मी दिनदर्शिका आणि पंचांग दोन्ही समोर ठेवले, खिनबाईंना दाखवले, थेनकाकांकडून खात्री करून घेतली. घाई केली नाही. "नऊ ऑगस्ट," मी म्हणालो.

"अठ्ठावीसमधून नऊ गेले." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "एकोणीस."

सुमेधेने टेबलाखाली माझा हात धरला. पाच वर्षांची असताना धरायची तसाच, बोटे पूर्ण मुठीत घेऊन.

खिनबाईंना काय घडले ते कळले नव्हते. त्यांनी थेनकाकांना काहीतरी विचारले. थेनकाका आम्हाला म्हणाले, "त्या विचारतात, मुलगी बरी आहे ना? तिच्याबद्दल काही वाईट लिहिले आहे का?"

"सांगा त्यांना," श्रीमती हालवर्सन म्हणाल्या, आणि आता त्या उघड हसल्या, "की त्या मुलीने साक्ष फार चांगली दिली."

*

लेखी निर्णय तीन आठवड्यांनी मिळाला. अर्जदारास तिच्या देशात जिवाचे सकारण भय आहे, तिचे कथन सुसंगत व विश्वसनीय आहे, तिला निर्वासित म्हणून मान्यता देण्यात येत आहे. खिनबाईंनी पत्र दोन्ही हातांनी घेतले आणि कपाळाला लावले. मग ते घडी करून ठेवण्याऐवजी त्यांनी ते सुमेधेच्या हाती दिले आणि दाराकडे बोट केले.

दाराबाहेरच्या लांब पडवीत त्यांच्या गावची तेवीस माणसे बसली होती. बायका, म्हातारे, एक पाय ओढत चालणारा नावाडी, आणि आता सव्वा वर्षाची झालेली ती रानातली मुलगी, जी प्रत्येकाच्या चपला एका ठिकाणाहून दुसरीकडे नेत होती.

"त्यांच्या सगळ्या फायली मी मागवल्या आहेत," श्रीमती हालवर्सन म्हणाल्या. "तिथीचा प्रश्न आता सुटला. प्रत्येक जण त्याच गावचा आहे, एवढे पटले की झाले. यांच्यापैकी कोणापाशी कागद नाहीत. घरांबरोबर जळाले. खिन बाईंना वेळ असेल तर त्यांना ओळख पटवायला बसवून घेईन म्हणते."

थेनकाकांनी सांगताच खिनबाईंनी लुंगीसारखे नेसलेले आपले वस्त्र कमरेशी घट्ट केले. अडलेल्या बाळंतिणीच्या घरात शिरताना त्या असेच करीत असाव्यात.

मी त्यांच्या शेजारी दिनदर्शिका आणि जुनी पंचांगे घेऊन बसलो. एकेक जण आत येई. खिनबाई तिथी सांगत, मी आधी त्यांना त्या वर्षीचा क्रम विचारी, थेनकाकांशी ताडून घेई, आणि मगच तारीख लिहून देई. जन्मतिथी कोणाला स्वतःला ठाऊक नव्हती. खिनबाईंना सर्वांची ठाऊक होती. ज्यांच्या जन्माचे बाळंतपण खिनबाईंनी केले नव्हते, त्यांचे खिनबाईंच्या आईने केले होते; तीही सुईण. "ही पुराच्या वर्षीची." "हा घटकाभर उशिरा रडला, मला वाटले मुका निघणार. आता बघा, थांबतो का!" "हिच्या आईने मला कोंबडा देईन म्हणून कबूल केले होते, अजून दिलेला नाही." बाहेरची माणसे हसत होती, आतली हसत होती, आणि फायलीवर फायल डावीकडून उजवीकडे सरकत होती.

दुपारी एक उंचापुरा, तिशीतला गडी आत आला. मासे धरणारा. दाढी वाढलेली, मान खाली. श्रीमती हालवर्सन यांनी फाइल पाहिली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"यांच्याबद्दल शंका आहे. यांची बोली शेजारच्या जिल्ह्याची आहे, असे आधीच्या मुलाखतीत नोंदले आहे. हे या गावचे कशावरून?"

"बायको तिकडची आहे त्याची," खिनबाईंनी थेनकाकांकरवी सांगितले. "तिच्यासारखे बोलतो. तिला घाबरतो."

"तो पुरावा होत नाही, खिन बाई."

खिनबाईंनी त्या दांडग्या गड्याकडे एकदा निरखून पाहिले. मग त्या उठल्या, त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि कडाडल्या. थेनकाका भाषांतर करायचे विसरून हसू लागले.

"काय म्हणाल्या?" श्रीमती हालवर्सन यांनी विचारले.

"म्हणाल्या, हा पायाळू. दोन दिवस आईला छळले, मग आधी डावा पाय बाहेर काढला. ओढताना माझ्या बांगडीचा ओरखडा पडला टाचेच्या वर. त्याची आई पुढे वर्षभर मला टोमणे मारत होती. काढ रे मोजा!"

त्या गड्याने कानापर्यंत लाल होत बूट काढला, मोजा काढला आणि पाय पुढे केला. टाचेच्या वर, सावळ्या कातडीवर, पांढऱ्या धाग्यासारखी आडवी रेघ होती.

श्रीमती हालवर्सन खुर्चीवरून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि चष्मा लावून त्या पायाशी वाकल्या. कितीतरी वेळ पाहिल्यावर त्या जागेवर परतल्या आणि त्यांनी फाइलवर सही केली.

"पुढचा," असे त्या दिवशी त्यांच्याआधी खिनबाईच म्हणाल्या.